चौकहून आणलेला कॅन
काल पाणी आलं नाही म्हणून माळ्यावरचा निळा कॅन काढला आणि चौक गावचं ते दगडी फार्महाऊस आठवलं. वडील तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. जुनं दगडी घर, नव्याने दुरुस्त केलेलं, विकणे आहे, अशी जाहिरात वाचून एका रविवारी ते आम्हाला बसने तिकडे घेऊन गेले. मालकीणबाई सत्तरीच्या, अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होत्या. वडिलांनी आयुष्यभर मिरा रोडचे फ्लॅटच बघितलेले, त्यामुळे त्यांनी आधी कार्पेट एरिया विचारला, मग भिंत पोकळ तर नाही ना म्हणून ती जोरात ठोकून बघितली. भिंत दोन हात जाड दगडाची होती. बोटं चोळत त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला, "पाणी किती वाजता येतं?" बाईंना प्रश्नच कळेना. मागच्या विहिरीकडे हात करून त्या म्हणाल्या, "तिथंच हाय की. ते कुठं जातंय?" वडील विहिरीत वाकून बराच वेळ बघत राहिले. आई हळूच म्हणाली, "आमच्याकडे दिवसाआड येतं, पाऊण तास." हे ऐकून बाईंना आमची इतकी दया आली की घराची किंमत सांगायची त्या विसरूनच गेल्या, आणि आतून निळा कॅन आणून तो विहिरीच्या पाण्याने भरून आमच्या हातात दिला. घर बघायला गेलेले आम्ही पाणी घेऊन परतलो. बसमध्ये वडिलांनी कॅन मांडीवर धरला होता. चौकचं घर थोडक्यात हुकलं, असं ते अजून शेजाऱ्यांना सांगतात. कॅन परत करायचा राहिलाय, ते मात्र सांगत नाहीत.