ओदाइरने न सांगितलेल्या चुका

आमच्या गल्लीतला ओदाइर टीव्ही दुरुस्त करायचा. जुने टीव्ही येईनासे झाले तसा पंख्यांवर आला. ब्राझीलमधल्या आमच्या कंपिना ग्रांदे शहरात त्याला पुष्कळ लोक ओळखत, पण त्याच्या घरी कुणी जात नसे. दुपारी मक्याच्या रव्याचा वाफवलेला कुसकुस आणि तळलेलं अंडं खाल्लं की तो दार ओढून घ्यायचा आणि तीस वर्षं जुन्या काळ्या गेम-कन्सोलवर मारामारीचा एकच खेळ खेळत बसायचा.

खेळ जुना, पण नव्याने सुधारलेला. मूळ खेळातले लढवय्ये सर्दी झाल्यासारखे घोगरे ओरडायचे. गारान्युन्सच्या आदेरबाल नावाच्या हौशी माणसाने रंग उजळले, आवाज स्वच्छ केले आणि तो खेळ इंटरनेटवर फुकट वाटून टाकला. ओदाइरने त्याला कळवलं की लाल पोशाखातल्या बाईची आरोळी ठोसा बसून गेल्यावर येते. उत्तर आलं, "किती उशिरा? नीट मोजून सांग."

तिथून तीन वर्षं दोघांचं रोजचं लिहिणं चालू राहिलं. आदेरबाल कम्प्युटरवर बदल करायचा, ओदाइर खऱ्या कन्सोलवर खेळून चुका काढायचा. एकदा त्याने लिहिलं, "बहिरा आहेस का रे? हा माणूस ओरडतोय की बकरी?" आदेरबालने दुसऱ्या दिवशी आवाज बदलून पाठवला.

फोनवर बोलायचं मात्र आदेरबाल टाळायचा. ओदाइरच्या मनाला ते लागलं होतं. केस कापून घेता घेता मला म्हणाला, "मी कंटाळवाणा वाटत असणार त्याला." मी कात्री चालवत राहिलो.

शेवटी जूनमध्ये कन्सोल पिशवीत घालून, न कळवताच, तो बसने गारान्युन्सला गेला. दार आदेरबालच्या बहिणीने, झुलेइदेने उघडलं. नाव ऐकून तिने त्याला आत घेतलं. मग म्हणाली, "दादा, त्याला ऐकू येत नाही. एकोणीस वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला होता. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

त्याआधी कोपऱ्यावरच्या बारमधल्या खेळाच्या यंत्रावर ऐकलेले आवाज आदेरबालने डोक्यात जपले होते. कम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाच्या लाटा बघून तो ते जुळवायचा. ओदाइरला पाहून त्याला आनंद झाला असं काही दिसलं नाही. तरी दोघं संध्याकाळपर्यंत खेळले. आदेरबाल प्रत्येक फेरी संपली की टीव्हीच्या कडेला तळहात लावून बघायचा. ओदाइरने वहीत लिहिलं, 'बकरीबद्दल माफ कर.' आदेरबालने वाचलं आणि वही मिटली.

परत आल्यावर नव्या आवृत्त्या येत राहिल्या. ओदाइर दर वेळी कळवायचा, सगळं छान आहे. छान नव्हतं. एक आवाज फाटत होता, एक मध्येच तुटत होता. पण त्याची बोटं ते लिहायला धजावेनात. दोन महिन्यांनी आदेरबालचा संदेश आला: "तू चुका काढायचा थांबलास. कीव करणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. आता लिहू नकोस."

ओदाइरने आठवडाभर दुकान उघडलं नाही. एकेक लढवय्या घेऊन तो तोच खेळ ऐकत बसला. चौदा चुका निघाल्या. प्रत्येकीची वेळ मोजून, कुठलीही गोड भाषा न वापरता त्याने यादी पाठवली. उत्तर आलं नाही.

फेब्रुवारीत नवी आवृत्ती निघाली. अकरा चुका दुरुस्त झाल्या होत्या, तीन तशाच होत्या. ओदाइरने मला घरी बोलावून त्या ऐकवल्या. त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. मला काही फरक कळला नाही, तसं मी सांगितलंही.

तो म्हणाला, "या तीन त्याला जमल्या नाहीत, की मुद्दाम ठेवल्या?"

मी म्हटलं, "विचार ना त्याला."

"एकदा यादी पाठवली तेवढं पुरे. लिहू नको म्हणालाय," ओदाइर म्हणाला, आणि मला कॉफी ओतायला उठला.