फादरांचा कावळा

फोन सदर भागातल्या चर्चमधून आला. "दीदी, फादर नहीं रहे," त्यांचा स्वयंपाकी म्हणाला. मी त्यालाच झापलं, "काय बोलून राहिला भैया? काल संध्याकाळी तर माझ्याकडे पोहे खाऊन गेले!" तो रडायला लागला, तेव्हा मी मटकन खाली बसले... इतके आठवडे झाले, अजून उठल्यासारखं वाटत नाही.

फादर बेल्जियमहून जबलपूरला आले ते त्यांचा धर्म सांगायला, आणि अडकले आमच्या श्राद्धपक्षात. माझ्या सासऱ्यांकडे संस्कृत शिकायला येत. मी तेव्हा नवी सून, बी.ए. झालेली, म्हणजे स्वतःच्या मते विदुषी. एकदा बाहेरची होते म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात बसले होते. फादर जवळ यायला लागले, तशी मी ओरडले, "दूर राहा, मला कावळा शिवलाय!" ते त्याच सकाळी ग्वारीघाटावर कुणाचा तरी दहावा पाहून आलेले. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची काही इच्छा उरली नाही, हे नुकतंच शिकलेले. त्यांनी लगेच हात जोडले. "अरेरे! वहिनी, कोण गेलं?"

आता या परक्या पुरुषाला पाळी कशी समजावणार? विदुषीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मामा."

फादरांनी चर्चमध्ये मामांसाठी प्रार्थना केली. दिवाळीला मामा नागपूरहून हजर! त्यांना चकली खाताना पाहून फादर दारातच पांढरे पडले. शेवटी सासूबाईंनी खरं काय ते सांगितलं, तेव्हा पांढऱ्याचे लाल झाले.

पुढे अंत्यविधींवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, तरी प्रश्न संपले नाहीत. त्या शेवटच्या संध्याकाळीही एक होताच. "वहिनी, माझ्यासाठी कोणी पिंड ठेवेल?"

"काहून? तुम्हाला तर देवदूत न्यायला येतील."

ते हसले. पण हसण्याआधी जरा थांबले होते... ते थांबणं मला आता दिसतं.

दहाव्या दिवशी मी गच्चीवर भाताचा गोळा ठेवला. मुलगा म्हणाला, "आई, ते ख्रिश्चन होते."

"कावळ्याला काय माहीत?"

कावळा अडला, तर फादरांना काय काय कबूल करायचं, याची मनात जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात तो आला, चोच मारली आणि गेलासुद्धा.

"बघ, तृप्त गेले," मुलगा म्हणाला.

मला रागच आला. ज्या माणसाचं विचारणं जन्मभर संपलं नाही, त्याचं माझ्याकडे काहीच राहिलं नव्हतं?

मी खाली जाऊन आणखी भात आणला.