पुस्तकामागच्या फोटोतली बाई

त्या बाईचा मी मनापासून हेवा केला, अजूनही करते. ती अमेरिकेतली, काळी, माझ्याहून थोडी मोठी असावी. तिचं विज्ञानकथांचं इंग्रजी पुस्तक मला सोलापुरात रद्दीच्या दुकानात मिळालं, सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा. मागच्या बाजूला तिचा फोटो होता. रुंद कपाळ, हसणं नाही, नजर सरळ.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि स्वतःला लेखिका समजत होते. माझ्या विज्ञानकथांत पुण्याचे गोरेपान प्रोफेसर अंतराळयानं सोडायचे. मासिकांकडून त्या कथा इमानेइतबारे साभार परत यायच्या. आणि हिच्या पहिल्याच कथेत, कुठल्याशा लांबच्या ग्रहावर, साऱ्या वस्तीला लागणारी हवा तयार करणारं यंत्र एक काळी बाई चालवत होती. तिची दाढ ठणकत होती, मुकादमाशी भांडण चाललं होतं. अजून न उजाडलेल्या जगात हिनं आपली माणसं नेऊन बसवली होती, कुणाला न विचारता. हे मला का सुचू नये? 

दुपारी आई आणि शेजारच्या बायका आमच्या दारात विड्या वळायला बसत. हात कामात, कान मोकळे. त्यांना मी माझी एक कथा वाचून दाखवली होती, तेव्हा आईला डुलकी लागली. आता ते पुस्तक मांडीवर घेऊन मी मराठीत सांगू लागले, तर कुणी जागचं हलेना. हवेच्या यंत्राचं ऐकून शेजारची तेलुगू अक्का खोकत म्हणाली, "हे मशीन आमाला पन पायजे." आईनं फोटो निरखला.

"तुझ्या केम गावच्या मावशीवानी दिसती की."

मग रोज जेवणं उरकली की हाक यायची, "आण गं त्या बाईला." माझ्या कथेला अशी हाक कधी आली नव्हती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खरंच.

एक दिवस पुस्तक संपलं. मी ते सांगितलं नाही. पानं उघडी धरली आणि मनानंच गोष्ट रचत गेले. यात प्रोफेसर नव्हता. यानातल्या केसाएवढ्या तारा फक्त विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांनाच जोडता येत होत्या. काम झाल्यावर कप्तान त्यांना खाली उतरवायला निघाला, तेव्हा त्यांतली थोरली म्हणाली, उतरतो, पण तारांना मारलेल्या आमच्या गाठी सोडून घेऊन जातो.

आईचा हात थांबला. गोष्ट ऐकताना तो थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तिकडंबी इड्या वळत्यात व्हय?" अक्कानं विचारलं.

आईनं तंबाखूचा हात लुगड्याला पुसला, पुस्तक माझ्याकडून घेतलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "कुटली कोण बाई. आपल्या मनातलं हिला कसं कळलं?" मग माझ्याकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाली, "असं लिवायचं असतंय बग. जरा शिक की हिच्याकडनं."

मी "व्हय" म्हणाले. त्या दुपारी तिचा जितका हेवा वाटला, तितका तिच्या कुठल्याच कथेनं वाटला नव्हता.