दुप्पट मागणं आणि निम्मं कापणं

खोपोलीच्या आमच्या कारखान्यात माझ्यामागं मला ‘कात्री’ म्हणतात, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. वाईट वगैरे काही वाटलं नाही. हिशेबखात्याच्या मुख्य बाईला लाडानं दुसरं काय म्हणणार? बजेटच्या दिवसांत जो तो आपल्या विभागाची मागणी घेऊन यायचा, मी ती निम्मी कापायचे, आणि तो तोंड पाडून बाहेर जायचा. तोंड पाडणं हे नाटक. मी कापणार हे धरून त्यानं मुळातच दुप्पट मागितलेलं असायचं, आणि मलाही ते ठाऊक असायचं. अशी आमची सुखाची रीत होती.

मग कंपनी मुंबईच्या नव्या मालकांनी घेतली. माझ्या दारावर ‘सीएफओ’ अशी पाटी लागली आणि हिशेब मांडायचं काम सॉफ्टवेअरकडे गेलं. प्रत्येक विभागानं मागणी त्यात भरायची, ती थेट मुंबईला दिसणार. मध्ये मी नाही. मला म्हणाले, तुम्ही आता आकडेमोडीत अडकू नका, पुढचा विचार करा. पुढचा म्हणजे नक्की कुठला, ते कुणी सांगेना. मी आपली दहिवलीहून वेळेवर यायचे आणि चहा पीत पुढचा विचार करायचे.

इकडे आमच्या शहाण्यांनी सवयीनं दुप्पट मागण्या भरल्या. आता कापायला कुणी नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला बोलू?

मुंबईहून निरोप आला की खोपोली फार महाग पडते, कारखाना बंद करून काम गुजरातला न्यायचा विचार आहे, सोमवारी बैठकीला या. अहो, ज्या खर्चाला ते घाबरले होते, त्यातला निम्मा आम्ही कधी करतच नव्हतो.

उठले ती थेट मेंटेनन्सच्या शेडमध्ये गेले. तिथले प्रमुख कळंबचे, वयानं माझ्याहून मोठे. मी त्यांना दादा म्हणते.

“दादा, खरा आकडा सांगा. दुपटीतला नको.”

त्यांनी हात पुसले. “सांगतो की. पन तुमी सवयीनं त्यातलं निम्मं कापलंत, तर मशिनी चालवायच्या कशा?”

“कापणार नाही.”

“तुमी?” म्हणून ते हसले. शेजारचा फिटरही हसला. मला राग आला, पण माझं बोलणं हसण्यासारखंच होतं.

“कारखाना बंद करतायत, दादा. आता कापायला उरलंय काय?”

हसणं थांबलं. त्यांनी स्टूल पुढं केलं आणि बसा म्हणाले. मग तेच मला घेऊन बाकीच्या विभागांत हिंडले. “बाई नाय कापनार, खरं सांगा रं,” असं प्रत्येक दारात सांगत.

सोमवारी खरे आकडे पाहून मुंबईकरांचे चेहरे जरा सैल झाले. धाकटे मालक म्हणाले, “छान. यातून अजून थोडं कमी करा, मग बघू.”

माझा हात सवयीनं पेनाकडे गेलासुद्धा. पण ते पुढं केलेलं स्टूल आठवलं. म्हटलं, “नाही. हे खरे आकडे आहेत. यातलं काही कापणार नाही, असा मी माझ्या माणसांना शब्द दिलाय.” इतकी वर्षं नाही म्हणत आले, पण हाताखालच्यांना. मालकाला म्हणायची ही पहिलीच वेळ. हात पुन्हा तिकडं जायला नको म्हणून पेन पर्समध्ये टाकलं. धाकट्या मालकांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा वरून खाली वाचले. मग म्हणाले, “ठीक आहे. राहू दे खोपोली.”

परतताना खालापूरच्या टोलनाक्यापुढं गाडी बाजूला घ्यायला लावली, दादांना फोन करून सांगितलं आणि भर दुपारी ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढं मागण्या पुन्हा माझ्या सहीनं जायच्या असं ठरलं, आणि काही दिवसांनी दादा शेडच्या पत्र्यांची मागणी घेऊन आले. वाचली, रास्त होती. मी सहीला पेन उचललं, तर ते अस्वस्थ.

“काय झालं?”

“थोडं तरी कापा की, मॅडम. सगळंच दिलंत तर पोरं म्हनतील, आता कारखाना खरंच बंद होतोय.”

मी बोल्टांची एक पुडी खोडली. दादा तोंड पाडून, अगदी समाधानानं, बाहेर गेले.