ब्रह्मदेवाची पहिलीच वेळ

आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात चार पिढ्यांत अंडं आलं नव्हतं. ते आणलं माझ्या वडिलांनी, संस्कृतच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर, आणि कारण काय, तर विश्व.

मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत माझ्या मुलीला ‘ब्रह्मांड’ हा विषय आला होता. तिला मराठी वाचता येत नाही. बाबांनी सांगितलेलं भाषण तिनं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं. बाबांचा एकच हट्ट होता, एक तरी वाक्य तिनं कागदाशिवाय बोलावं.

“ब्रह्मांड म्हणजे ब्रह्मदेवाचं अंडं,” बाबा सांगत होते. “सोन्याचं होतं. फुटल्यावर वरच्या कवचाचं आकाश झालं, खालच्याची पृथ्वी.”

“मग मी स्टेजवर अंडंच फोडते.”

आईनं घाईघाईनं नारळ सुचवला.

“नक्को आजी. नारळ कोण घालतं?”

गल्लीतला दुकानदार ओळखीचा, म्हणून बाबा बसनं अफझलगंजला गेले आणि एक अंडं रुमालात गुंडाळून घेऊन आले. आई ते उंबऱ्याच्या आत घेऊ देईना. विश्व दोन दिवस बाहेर चपलांच्या कपाटात राहिलं.

स्पर्धेत मुलीनं कागद टेबलावर ठेवला, अंडं हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. ते फोडतात कसं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसात मी चोरून ऑम्लेट खाल्लंय, पण आयतं.

बाबा तरातरा स्टेजवर चढले. त्यांना जन्मात एकच वस्तू फोडता येत होती. त्यांनी डोळे मिटले, मंत्र पुटपुटला आणि नारळ आपटावा तसं अंडं टेबलाच्या कडेवर आपटलं. त्यांचं धोतर, चष्मा आणि भाषणाचा कागद, सगळं बरबटलं.

मला आधी राग आला, मग बाबांची इतकी दया आली की रडूच फुटणार होतं. मुलीनं कागद उचलला. त्यावरचं काही वाचण्यासारखं उरलं नव्हतं. ती माईकपाशी गेली.

“माझ्या आजोबांनी आज पहिल्यांदा अंडं फोडलं. ब्रह्मदेवाची पण पहिलीच वेळ होती. त्याचं पण असंच सांडलं असेल, आणि आपण सगळे त्याच्यातच राहतो.”

खाली आल्यावर मी बाबांचा चष्मा पुसायला रुमाल पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

“कागद नव्हता,” ते म्हणाले. “ऐकलंस ना? तीन वाक्यं.”