दादाचा हवापालट

आमच्या दादाला, म्हणजे जयसिंहरावांना, पाटणकर बाजारात सगळे ओळखतात. कूलर आणि खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्यांचं दुकान. जन्मभर ग्वाल्हेरला गार हवा विकली आणि स्वतः घामानं निथळत बसला. दुकान एक दिवस बंद ठेवील तर शपथ. आणि हट्टी इतका, की डोक्यात एकदा काही बसलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. मी त्याची सख्खी धाकटी बहीण मंदा सांगतेय, आणि रागानंच सांगतेय.

सीमंतिनी वहिनीची फुप्फुसं सुकत चालली आहेत, इलाज नाही, फक्त जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादानं ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं, हवापालट करायचा. आमच्या घराण्यातलं हे जुनं खूळ. उन्हाळ्यात संस्थानचा दरबार शिवपुरीला हलायचा, सोबत आमचे शिलेदार पणजोबाही जायचे. तेव्हापासून घरात कुणी खोकलं की हवा बदला. डॉक्टरांना विचार तरी, असं मी म्हटलं, तर म्हणतो, त्यांना गोळ्या कळतात, हवा मला कळते. त्याचा मुलगा अंशुल मला म्हणाला, "आत्या, पापा को कौन समझाए? तूच बोल ना." मी बोलून काय डोंबल होणार होतं!

बरं, शिवपुरीवर भागलं असतं. पण नाही. जितकं उंच तितकी शुद्ध हवा, असा त्याचा हिशेब. थेट कुमाऊंच्या डोंगरात, देवदारांच्या जंगलातलं कुठलंसं इको-रिसॉर्ट त्यानं ठरवलं आणि सोबतीला मला घेतलं. मातीच्या खोल्या, टीव्ही नाही, खिडकीबाहेर नुसतं हिरवं. जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी दादा वहिनीला व्हरांड्यात उभं करायचा. खोल श्वास घे म्हणायचा. ती घ्यायची, हसायची, बरं वाटतंय म्हणायची. दादाचा चेहरा असा फुलायचा की बघवत नव्हतं. लग्नानंतर प्रथमच दोघं कुठे आलेली. एका दुपारी तो जंगलात फिरायला गेला आणि मी खोलीत डोकावले, तर वहिनी पलंगाची कड धरून बसलेली, ओठ निळसर, तोंड उघडं. मी दादाला हाक मारायला वळले. तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, त्यांना सांगू नका. माझ्यासाठी काहीतरी केलं, एवढं तरी त्यांना वाटू दे."

संध्याकाळी दादा हसत आला, मुक्काम आठवडाभर वाढवला म्हणाला. वहिनी मान डोलावत राहिली. मग मीच पोट धरून आडवी झाले. अन्न बाधलं, मरते आता, मला आत्ताच्या आत्ता खाली न्या, असा तमाशा मांडला. दादा चिडला, पण गाडी बोलावली. गाडी डोंगर उतरू लागली तशी वहिनीला जरा धाप कमी लागू लागली. तिच्याकडे बघून दादा म्हणतो कसा, "बघ मंदे, जंगलाची हवा आता लागू पडतेय."

ग्वाल्हेरला डॉक्टर अंशुलवर आणि माझ्यावर कडाडले. उंचावरची हवा विरळ असते, अशा माणसाला तिथे नेतात का? आता दिवाळीपर्यंत निभावलं तरी पुष्कळ, असं त्यांनी हळूच सांगितलं. वहिनीला ते न सांगताच कळलं होतं. दादाला सांगायचं नाही, अशी तिनं आम्हाला शपथ घातली.

आता ती ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या घरात, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडलेली असते. दादा दुकानातून लवकर येतो, उशाशी बसतो. परवा मी तिला पेज भरवत होते. माझ्याकडे न बघता दादा तिला म्हणाला, "मंदेच्या पोटापायी सगळं फसलं. महिनाभर राहिलो असतो तर तू खडखडीत झाली असतीस. पुढच्या मे महिन्यात जाऊ. हिला नाही न्यायचं."

वहिनीनं माझ्या हातावर हात ठेवला. श्वास जमवून म्हणाली, "हो. आपण दोघंच जाऊ."