उघाडीवरची थप्पड

माझी चूक ही की मी अर्धंच लिहिलं. एका दिवाळी अंकात वडिलांवर लेख दिला: कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्यांनी खाडीच्या बांधावर, गावासमोर थप्पड मारली. ते खरंच होतं. आता मी राहतो त्या फुलपाड्यातले शेजारी हळहळले, आणि मला ते आवडलं.

बाबांनीही वाचला. "बरा लिवलाय," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री तोच प्रसंग मी पुन्हा लिहायला घेतला, या वेळी थप्पडीच्या आधीपासून. आणि पेन असं सुटलं की समोरचा चहा गार झाला तरी कळेना!

बांधातली उघाडी म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडायची लाकडी झडप. भरतीआधी ती पाडायचीच, असं बाबांनी सकाळी मला बजावलं होतं. मी ती वर खेचून ठेवली आणि आचोळ्याला मित्राकडे मॅच बघायला गेलो. उधाणाचे दिवस होते. खारं पाणी सगळ्यांच्या भाताच्या रोपांत शिरलं.

परतलो तशी थप्पड बसली.

"पोरानं उघाडी वर ठेवली काय?" कुणीतरी विचारलं.

"नाय. त्याला मी सांगितलाच नव्हता. माजीच चूक."

"मग मारलास कशाला?"

"मॅच बघाया गेला म्हनून!"

मी गाल धरून गप्प उभा राहिलो. पुढे कित्येक वर्षं लोक त्यांना चिडवत, "दादा, आज भरती हाय, ध्यानात हाय ना?" साध्या बोलण्यावरही अंगावर धावून जाणारे बाबा त्या एका टोमण्याला मात्र कधीच उत्तर देत नसत. हे वाक्य कागदावर उतरलं आणि मी खुर्चीतून उठलोच. इतकी वर्षं ज्या माणसावर रागावलो, तो मला आत्ता कुठे भेटला होता! कधी एकदा सकाळ होते असं झालं.

सकाळी बांधबंदिस्ती होती. पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर माती घालायला येतो. मी गावाकडे स्कूटर अक्षरशः पळवली.

"आलास? लेखकाला घमेला उचलतो काय?" बाबा म्हणाले. सगळे हसले. मग शेजारचे काका नेहमीसारखे खाकरले, "दादा, भरती कवा हाय?"

मी घमेलं खाली ठेवलं.

"काका, थांबा. त्या दिवशी बाबांनी मला बजावून सांगितलं होतं. उघाडी वरच ठेवून मॅचला मीच गेलो. तुमची रोपं माझ्यामुळे गेली."

"गप रे," बाबा गुरगुरले. "माती सुकते."

या वेळी मी गप्प बसलो नाही.

"बाबा, थप्पड लिहिली आणि हे लपवलं. तेव्हाही, आणि लेखातही. चुकलो मी. मला माफ करा."